वाघचौरे डॉक्टरांची दुरुस्ती

डॉ. दामोदर वाघचौरे माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघत नाहीत. पायांकडे बघतात. आम्ही मखमलाबाद रोडवरच्या कॉलनीत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत होतं आणि समोरच्या घरातले एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आमच्या फाटकात उभे राहून माझ्या चपला न्याहाळत होते.

"डावी टाच जास्त झिजलीय," ते म्हणाले. "कंबर दुखते ना?"

कंबर दुखत होती. मी तसं सांगितलं.

"दुखणारच. तुम्ही वरून मलम चोळत बसला असाल. खाली बघा, खाली."

एवढं बोलून ते गेले. स्वतःचं नाव सांगितलं नाही, माझं विचारलं नाही. मी चपला बदलल्या आणि महिनाभरात कंबर दुखायची थांबली. हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्या कॉलनीत राहणं अवघड झालं असतं.

"खाली बघा" हे शब्द डॉक्टर दिवसातून किती वेळा उच्चारतात याची मोजदाद त्यांच्या पत्नीने, सुमनवहिनींनी, कधीच सोडून दिली. सोफा घ्यायला गेले तर दुकानदार कापड दाखवत राहतो आणि डॉक्टर सोफा उलटा करायला लावतात. पुतण्याने फ्लॅट बघायला नेलं, तर लिफ्टमध्ये पाऊल न टाकता ते तासभर पार्किंगमधले खांब बघत फिरले आणि तिथूनच नकार कळवला. लग्नाच्या जेवणावळीत टेबलाची चादर उचलून टेबलाचे पाय तपासल्याशिवाय ते ताट ठेवत नाहीत.

"मला बघायला आले तेव्हासुद्धा हेच," सुमनवहिनी सांगतात. "मी पोह्यांची बशी पुढे केली, यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, किती लाजाळू मुलगा! नंतर कळलं, आमच्या घरची फरशी एका कोपऱ्यात खचली होती, ती बघत होते."

"खचलीच होती," डॉक्टर आतल्या खोलीतून म्हणतात. "तुझ्या वडिलांना तेव्हाच सांगितलं होतं."

"आणि माझं काय?"

"तुझं काय? तू भक्कम होतीस."

डॉक्टर औषधाचे नव्हेत, द्राक्षाचे. एका सरकारी फळसंशोधन केंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली. कॉलनीत त्यांना खुंटाचे डॉक्टर म्हणतात, त्यांच्या पाठीमागे. खुंट म्हणजे काय हे द्राक्षं खाणाऱ्यांना सहसा माहीत नसतं, म्हणून सांगतो. द्राक्षाची वेल वर एक असते आणि खाली दुसरीच असते. खाली रानटी जातीचं, काटक मुळांचं रोप लावतात. तो खुंट. तो पुरेसा जाड झाला की गुडघ्याखाली छाटायचा, त्यावर आपल्याला हव्या त्या द्राक्षाची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि पट्टी बांधायची. पुढे घड लागतात ते वरच्या जातीचे. नाव वरच्या जातीचं, भाव वरच्या जातीला, कॅलेंडरवर फोटो वरच्या जातीचा. खुंटाने फक्त जमिनीतून पाणी ओढायचं. पाणी खारं असो, जमीन चुनखडीची असो, तक्रार करायची नाही. त्याने बुंध्यातून स्वतःची फूट काढलीच, तर शेतकरी ती दिसताक्षणी ओरबाडून टाकतो.

हे सगळं डॉक्टरांनी मला फाटकात उभं राहून समजावलं होतं. शेवटी म्हणाले, "नीट कळलं नसेल तर माझ्याकडे बघा."

त्यांच्या कडवटपणाला कारण होतं. एके काळी विहिरी खाऱ्या झाल्या, पानांच्या कडा करपायला लागल्या आणि स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या बागा एकेक करून वाळल्या. तेव्हा या केंद्राने खाऱ्या पाण्यात तग धरणारा एक खुंट बाहेर आणला. आज जिल्ह्यातल्या कित्येक बागा त्याच खुंटावर उभ्या आहेत. त्या खुंटाच्या चाचण्या, नोंदी, शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन घातलेले वाद, हे सगळं काम वाघचौरे यांचं. श्रेय केंद्राच्या संचालकांना मिळालं. डॉक्टर त्यांचा उल्लेख "मोठे साहेब" असा करतात आणि तो करताना तोंडात कडू बदाम आल्यासारखा चेहरा करतात. अहवालावर पहिलं नाव मोठ्या साहेबांचं होतं, दुसरं साहेबांच्या जावयाचं, तिसरं वाघचौरे यांचं.

"जावई आंब्याचे होते," डॉक्टर सांगतात. "द्राक्ष त्यांनी फक्त खाल्लेलं."

पुढे साहेबांचा अर्धपुतळा केंद्राच्या फाटकाशी बसवला. अनावरणाला सगळे टाळ्या वाजवत असताना डॉक्टर उकिडवे बसून चौथरा बघत होते. "पाया घेतलेला नाही," एवढंच म्हणाले. वर्षभरात पुतळा डावीकडे कलला. ती बातमी कळल्यावर डॉक्टर मुद्दाम रिक्षा करून गेले, कललेला पुतळा बघून आले आणि त्या रात्री दोनदा जेवले, असं वहिनी सांगतात.

त्यांच्या दारात एक वेल आहे. फाटकावरून मांडवावर चढलेली, जाड बुंध्याची, चकचकीत पानांची. तिला आजवर एकही द्राक्ष लागलेलं नाही. ती खुंटाचीच वेल आहे, वर कलम न बांधलेली. फुलोरा येतो आणि झडून जातो. द्राक्षाच्या डॉक्टरच्या दारात बिनघडाची वेल, हा आमच्या कॉलनीतला आवडता विनोद. डॉक्टरांकडे सल्ल्याला येणारे बागायतदारही तो करतात. निफाडकडच्या बबनरावांनी तर एकदा माझ्यासमोरच विषय काढला.

"सर, लोकं हसतात ना. मी उद्याच कलमवाला घेऊन येतो. दोन वर्षांत घड नाय लागले तर माझं नाव बदला."

"हात लावलास तर तंगडं मोडीन."

"अहो पण, उपयोग काय हिचा?"

"उपयोगासाठी लावलेली नाही ती."

बबनराव माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. म्हातारा माणूस, स्वतःच्या शोधाची पूजा करतोय, असा आमच्या हसण्याचा अर्थ होता.

आणि शेपू. शेपूबद्दल सांगितल्याशिवाय हे व्यक्तिचित्र पूर्ण होणार नाही. निवृत्तीनंतर डॉक्टर दर बुधवारी संध्याकाळी पंचवटीच्या बाजारात जायचे आणि कापडी पिशवी भरून शेपू आणायचे. फक्त शेपू. पाच जुड्या, सात जुड्या, कधी त्याहून जास्त. डॉक्टर शेपू खात नाहीत. वहिनींना त्याचा वास सहन होत नाही.

"पुन्हा शेपू!" दर बुधवारी समोरच्या घरातून आवाज यायचा. "अहो, बाजारात मेथी मेली का? पालक मेला का?"

"स्वस्त होता."

"फुकट असता तरी कोण खाणार आहे?"

मग वहिनी पिशवी घेऊन कॉलनीभर वाटत सुटायच्या. बुधवारी सात वाजले की आमच्याकडे पुढच्या खोलीतला दिवा मालवायची पद्धत पडली होती. मला एका गोष्टीचं तेव्हाही नवल वाटायचं. सोफा उलटा करणारा हा माणूस शेपूची जुडी कधी उलटी करून बघत नसे. त्या जुड्या दिवसभर कुणी न घेतलेल्या, मुळांकडे काळ्या पडलेल्या असायच्या. डॉक्टर त्या तशाच आणत. मी नोंद घेतली, अर्थ काढला नाही. पत्रकाराच्या धंद्यात हे बरेचदा होतं.

आता माझा भाग.

मी एका दैनिकात उपसंपादक होतो. मोठ्या साहेबांचा कुठेतरी मोठा गौरव झाला तेव्हा ती बातमी माझ्या टेबलावर आली. केंद्राकडून आलेल्या पत्रकावरून मी ती लिहिली आणि "द्राक्षबागांना जीवदान देणारा संशोधक" असा मथळा दिला. खुंट साहेबांनी शोधला असं वाक्य त्यात होतं. समोरच्या घरात त्या खुंटावर उभी हयात घालवलेला माणूस राहतो हे मला ठाऊक होतं. त्याला विचारण्यासाठी रस्ता ओलांडावा लागला असता. मी ओलांडला नाही.

डॉक्टर तेव्हा नोकरीत होते. काही बोलले नाहीत. बरीच वर्षं गेली, मोठे साहेब वारले, आणि डॉक्टर निवृत्त झाले. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ते आमच्या कचेरीत आले. हातात टाइप केलेला एक कागद होता. वर लिहिलं होतं: दुरुस्ती.

आमचे वृत्तसंपादक तो कागद लांब धरून हसले.

"इतक्या वर्षांनी दुरुस्ती? अहो, ज्यांच्यावर बातमी होती ते गेलेसुद्धा."

"शेजारी आहेत माझे," मी म्हणालो.

"मग वाचकांच्या पत्रांत लावा. दहा सेंटिमीटर. वर एक ओळ जाता कामा नये."

बातमी कापायची ती खालून, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. महत्त्वाचं वर, त्याहून कमी महत्त्वाचं त्याखाली, आणि तळाशी जे राहतं ते गेलं तरी कुणाचं बिघडत नाही. तेव्हा आमच्याकडे पानं अजून हाताने चिकटवत असत. पानं लावणारा दिगंबर ब्लेड घेऊन उभा होता. मजकूर एका परिच्छेदाने जास्त होता.

"किती उडवू, साहेब?"

शेवटचा परिच्छेद "शेवटी नमूद करावेसे वाटते की" या शब्दांनी सुरू होत होता. या शब्दांनंतर आभार असतात, हे मला अनुभवाने माहीत होतं. मी पुढे वाचलं नाही.

"तळचा पॅरा उडव," मी म्हणालो. दिगंबरने ब्लेड फिरवलं आणि ती पट्टी पायाखालच्या कचऱ्यात गेली.

छापून आलेल्या पत्रात डॉ. वाघचौरे यांनी चाचण्या कशा केल्या, किती वर्षं केल्या आणि अहवालात त्यांचं नाव तिसरं का आलं, हे सगळं व्यवस्थित आलं. त्याच दिवशी सकाळी उशिरा ते पेपर घेऊन आमच्या फाटकात आले.

"कापलंत."

"जागा नव्हती, डॉक्टर. पण मुद्दा आला. तुमचं नाव आलं ना?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"आलं," ते म्हणाले आणि गेले.

त्यानंतर दर वर्षी ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की डॉक्टर तोच कागद घेऊन माझ्याकडे यायला लागले. आधी कचेरीत, मी निवृत्त झाल्यावर घरी. टाइप जाऊन कॉम्प्युटरची प्रत आली, मजकूर तोच राहिला.

"दुरुस्ती राहिलीय, संपादक."

मी संपादक कधीच नव्हतो. "बघतो," म्हणायचो आणि कागद खणात टाकायचो. कचेरीत त्यांचं नाव "दुरुस्तीवाले" पडलं होतं. चहाच्या वेळी मी हा किस्सा रंगवून सांगायचो: एक माणूस आहे, त्याचं नाव एकदा छापून झालंय, तरी दर वर्षी पुन्हा छापा म्हणून येतो, भूकच भागत नाही. लोक हसायचे. किस्सा चांगला जमायचा.

दोन वर्षांपूर्वी द्राक्ष बागायतदारांच्या एका मंडळाला डॉक्टरांची आठवण झाली. बबनराव निमंत्रण घेऊन आले. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र मी लिहावं असं ठरत होतं, म्हणून मलाही बोलावलं होतं.

"येतो," डॉक्टर म्हणाले. "पण स्टेजवर माझ्या शेजारी अजून एक खुर्ची लागेल."

"कोणासाठी, सर?"

"त्या दिवशी सांगतो."

वहिनी चहा ठेवून आत गेल्या. त्या आठवड्यात त्यांनी नवी साडी घेतली. माझ्या बायकोला दाखवायला आणली तेव्हा फॉलसुद्धा लावून झाला होता.

आठ दिवसांनी बबनराव पुन्हा आले. डोकं खाजवत बसले.

"सर, खुर्चीचं काय जमत नाय. आमदार आहेत, माजी आमदार आहेत, खतवाले, औषधवाले, बँकवाले. स्टेज फुल्ल झालं. समोर पहिल्या रांगेत सोय करतो ना, सोफ्यावर."

"मग माझीही खुर्ची काढून टाका. एखादा माजी माजी आमदार बसेल."

"अहो, जाऊ द्या ना," वहिनी दारातून म्हणाल्या. "मी बसेन समोर. मला काय त्याचं?"

"तुझ्यासाठी नव्हती ती," डॉक्टर म्हणाले.

ते बुटांकडे बघत होते, बबनरावांच्या. वहिनी आत निघून गेल्या. सत्कार झाला नाही. ती साडी वहिनींनी अजून नेसलेली नाही, आणि दुसरी खुर्ची कुणासाठी हा प्रश्न कॉलनीत बरेच दिवस चवीने चघळला गेला. त्या चघळण्यात मीही होतो.

यंदा ऑक्टोबर आला आणि गेला. छाटण्या संपल्या, दिवाळी झाली. दुरुस्ती आली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नसतं. एका बुधवारी बायको म्हणाली, "बऱ्याच दिवसांत शेपू आला नाही हो समोरून." सात वाजून गेले होते आणि आमचा दिवा चालू होता.

मी रस्ता ओलांडला.

डॉक्टर वेलीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मान मागे टाकून वर, पानांकडे बघत होते. त्यांना वर बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे, हे त्यांच्या गळ्याकडे बघून मला त्या दिवशी जाणवलं.

"यंदा दुरुस्ती नाही आणलीत, डॉक्टर?"

"आता कशाला."

"तब्येत बरी आहे ना?"

"शेपूवाली गेली," ते म्हणाले. "गणपतीच्या आधी."

"कोण शेपूवाली?"

"नाव तुमच्याकडे आहे. दर वर्षी देतोय."

मी घरी आलो. कचेरीतले कागद मी निवृत्त झालो तेव्हा खणासकट रद्दीत गेले होते. नंतरच्या वर्षांतले घरी असायला हवे होते. त्यांची मागची बाजू कोरी असल्यामुळे बायको ते सामानाच्या यादीसाठी वापरत आली होती. स्वयंपाकघरातल्या डब्यात एक सापडला. मागे साबुदाणा, रवा, शेंगदाणे, कपड्याचा साबण. पुढे दुरुस्ती. मी ओट्याशी उभं राहून ती वरपासून तळापर्यंत वाचली. पाच परिच्छेद आहेत. वाचायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही.

कागद घेऊन मी परत गेलो. डॉक्टर तसेच बसलेले होते. मी पायरीवर बसलो. दारात वहिनी उभ्या होत्या.

"तुम्ही तिला सांगितलं होतं?" मी विचारलं. "पेपरात नाव येणार म्हणून?"

"रिटायर झाल्यावर तिला शोधली. पंचवटीत शेपू विकत बसली होती. म्हटलं, भागाबाई, तुमचं नाव छापून आणतो. हसली. म्हणाली, 'मला मेलीला वाचता कुठं येतं, सायेब?' पण त्या दिवशी पेपर तिने विकत घेतला. माझ्याकडचा घेतला नाही. ओळीतल्या सगळ्या बाया गोळा केल्या आणि नातीला मोठ्याने वाचायला बसवलं. मी समोर उभा होतो. मीही छापलेलं वाचलं नव्हतं. म्हटलं, तिच्याबरोबरच ऐकू."

"मग?"

"मग काय. नातीने वाचलं सगळं. शेवटी म्हणाली, 'आजी, तुझं नाव नाय ना यात.' पोरीने उलटून मागचं पानही बघितलं. बाया उठून आपापल्या पाट्यांकडे गेल्या. भागाबाईने पेपरची घडी केली, बुडाखाली घेतली आणि मला म्हणाली, 'जाऊ द्या सायेब. तुमचं तरी आलं.'"

मीही त्यांना त्याच सकाळी जवळजवळ हेच म्हणालो होतो. मी आनंदाने म्हणालो होतो.

"खाली बघा, हेही तिचंच," डॉक्टर म्हणाले. "आमच्या लग्नाआधीची गोष्ट. बाग वाळत होती आणि मी वरची पानं मोजत होतो. दंडाला धरून पाण्याच्या चारीकडे घेऊन गेली मला. 'वर काय बघता सायेब, खाली बघा. मुळी जित्ती हाय.' लोक मला हसतात त्या वाक्यावरून. मी म्हणतो, हसा. तेवढं तरी तिचं कुणाच्या तोंडात राहील."

"आणि ही वेल?"

"त्या चारीकाठच्या वेलीची. भागाबाई मला सापडली तेव्हा तीच वेल तिच्या झोपडीवर चढलेली होती. तिनेच काडी दिली. म्हणाली, लावा दारात, तुमचीच हाय." त्यांनी बुंध्याकडे बघितलं. "माझी कसली?"

मग वहिनी म्हणाल्या, "ती खुर्ची तिची होती?"

"हो."

"मग सांगायचं होतं ना मला." त्यांचा आवाज चिडलेला होता. "इतकी वर्षं वाटत फिरले मी. शेपू खाल्ला असता मी."

वहिनी आत गेल्या. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "छापू का?"

"आता ऐकायला कोण आहे?" ते म्हणाले. मग माझ्या पायांकडे बघितलं. "चपला बदला. डावी पुन्हा झिजलीय."

याला मी परवानगी समजलो आहे.

हा मजकूर आता कुठल्यातरी डेस्कवर जाईल. तिथे जो कोणी असेल त्याला माझी विनंती आहे. जागा कमी पडली तर वरून कापा. माझी कंबर, सोफा, पुतळा, आंब्याचे जावई, माझी कबुली, सगळं गेलं तरी चालेल. शेवटचा परिच्छेद तेवढा ठेवा. तो माझा नाही. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही.

"शेवटी नमूद करावेसे वाटते की, हा खुंट मोठ्या साहेबांनी शोधला नाही आणि मीही शोधला नाही. पहिल्या चाचणीत तो निरुपयोगी ठरल्याची नोंद करून मी तो उपटून जाळण्याचा लेखी आदेश दिला होता. केंद्रात रोजंदारीवर कलमे बांधणाऱ्या भागाबाई गांगुर्डे यांनी तो आदेश मोडला आणि एक काडी खाऱ्या पाण्याच्या चारीकाठी लावली. आसपासच्या बागा वाळल्या तेव्हा ती वेल हिरवी होती. हे त्यांनी प्रथम पाहिले आणि मला नेऊन दाखवले. त्याच दिवशी मी त्या वेलीच्या काड्या प्रयोगासाठी कापून घेतल्या, आणि आदेश मोडल्याबद्दल भागाबाई गांगुर्डे यांना कामावरून काढले. अहवालावर माझे नाव तिसरे आहे. या दोन आदेशांवर मात्र ते एकट्याचे आहे."